ज्यूनो-१०६ चा चौथा व्हॉईस गेला तेव्हा : एका दुरुस्तीचं पूर्ण प्रकरण

पार्श्वभूमी

एका कीबोर्ड वाजवणाऱ्या ताईंच्या ज्यूनो-१०६ या सिंथची, म्हणजे विजेच्या सर्किटांतून आवाज तयार करणाऱ्या सिंथेसायझरची, ही हकीकत आहे. नावगाव मुद्दाम देत नाही. दुरुस्ती माझ्याकडे होती, त्यामुळे जे काही बरोबर झालं आणि जे चुकलं ते दोन्ही मी जवळून बघितलंय, आणि असलाच सिंथ ज्यांच्या घरात किंवा स्टुडिओत आहे त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

ज्यांनी हा सिंथ कधी हाताळला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. रोलंडचा ज्यूनो-१०६ १९८४ साली आला. ६१ पट्ट्या, ६ व्हॉईस, म्हणजे एका वेळी सहा सूर. आणि हे सहा सूर म्हणजे एकाच आवाजाच्या सहा नकला नव्हेत, आत खरोखर सहा वेगवेगळी सर्किटं असतात, प्रत्येकाचा आपला ऑसिलेटर (मूळ वेव्ह तयार करणारा), आपला फिल्टर (आवाज उजळ किंवा मंद करणारा), आपला व्हीसीए (आवाज लहानमोठा करणारा). त्याच्या आधीचे नावाजलेले पॉलिफोनिक, म्हणजे एका वेळी अनेक सूर वाजवणारे, सिंथ बघितले, १९७८ चा प्रॉफेट-५ किंवा १९८१ चा ज्युपिटर-८, तर त्यांच्यात प्रत्येक व्हॉईसला दोन-दोन व्हीसीओ (व्होल्टेजवर पिच ठरणारे ऑसिलेटर) होते, आवाज भारदस्त, पण व्हीसीओ तापमानाप्रमाणे सुरातून सरकतात आणि वाजवणाऱ्याला मधेमधे ट्यून करत बसावं लागतं. ज्यूनोमध्ये दर व्हॉईसला एकच ऑसिलेटर ठेवला आणि त्याची पिच डिजिटल घड्याळावरून ठरवली, म्हणून त्याला डीसीओ म्हणतात. बरेच जण इथे गल्लत करतात आणि डीसीओ म्हणजे डिजिटल आवाज समजतात. तसं नाहीये. वेव्ह ॲनालॉग सर्किटच तयार करतं, फक्त तिनं सेकंदाला किती वेळा यायचं एवढंच घड्याळ सांगतं. म्हणून हा सिंथ चालू केल्या केल्या सुरात असतो आणि रात्रभर सुरातच राहतो.

आता एकाच ऑसिलेटरवर आवाज एवढा मोठा कसा येतो? थोडा सब ऑसिलेटरमुळे, जो एक सप्तक खाली चौकोनी वेव्ह देतो, थोडा पल्स विड्थ मॉड्युलेशनमुळे (पल्स वेव्हची रुंदी सतत बदलत राहते), पण खरी जादू कोरसची. आत एमएन३००९ नावाच्या दोन चिपा आहेत, प्रत्येकीत २५६ टप्पे. पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देत न्याव्यात तसा सिग्नल एका टप्प्यातून दुसऱ्यात ढकलला जातो आणि थोडा उशिरा बाहेर पडतो, तो उशीर सतत कमीजास्त होत राहतो, आणि डाव्या बाजूला वाढत असतो तेव्हा उजव्या बाजूला कमी होत असतो. कोरस बंद असताना सॉ वेव्हचा (करवतीच्या दात्यांसारख्या आकाराच्या वेव्हचा) एक साधा कॉर्ड, म्हणजे एकदम काही सूर, धरा, बारीक, सरळसोट आवाज येतो. बोट न उचलता कोरस १ चं बटण दाबा. तोच कॉर्ड दोन्ही स्पीकरांच्या बाहेरपर्यंत पसरतो. मी हे शेकडो वेळा ऐकलंय आणि अजूनही प्रत्येक वेळी अंगावर काटा येतो.

ताईंचा एक पॅच, म्हणजे जुळवून साठवून ठेवलेला आवाज, होता. सॉ आणि सब, फिल्टरचा कटऑफ साधारण अर्ध्यावर, अटॅक (सूर चढण्याचा वेग) संथ, रिलीज (हात काढल्यावर सूर विरण्याचा वेळ) लांब, कोरस १. साधाच, पण त्यांच्या कामात वर्षानुवर्षं वापरलेला. तीन आठवड्यांनी एक रेकॉर्डिंग होतं, जुन्याच एका कामाचा पुढचा भाग, आणि त्यांना तोच पॅच त्याच सिंथवर हवा होता.

समस्या

सुरुवातीला त्यांना वाटलं बोट नीट बसत नसेल. कॉर्ड वाजवताना मधूनच एखादा सूर गायब व्हायचा, पुन्हा वाजवला की यायचा, मग दुसरीकडचाच गायब. पट्टी खराब असेल तर नेहमी तीच पट्टी रुसायला हवी, इथे तर जागा बदलत होती. फोनवर त्या म्हणाल्या, "अरे, एकेका पट्टीनं वाजवून मोजलं मी, दर सहावा सूर जातोय." एवढं ऐकूनच माझ्या डोक्यात पहिला संशय आला.

दुसरी तक्रार अशी की हात काढल्यावरही एक बारीक सूर मागे रेंगाळत राहायचा, रिलीज शून्यावर आणला तरी. आणि सिंथ अर्धा तास तापला की खरखर सुरू व्हायची, आधी हळू, मग त्या पॅचच्या आवाजाच्या वर स्पष्ट ऐकू येईल इतकी.

तपास

इथे मी जाणीवपूर्वक वेळ घेतला आणि त्याचं पुढे चीज झालं.

झाकण उघडून सगळ्यात आधी पॉवर सप्लाय मोजला. ज्यूनोमध्ये +१५, -१५ आणि +५ व्होल्ट अशा लाईनी आहेत. यातली एखादी जरी ढासळली तरी सगळेच व्हॉईस आजारी पडतात आणि माणूस उगाच चिपांच्या मागे लागतो. तिन्ही ठीक होत्या.

मग टेस्ट मोड. की ट्रान्सपोजचं बटण दाबून धरून सिंथ चालू केला की तो टेस्ट मोडमध्ये जातो, आणि मग पट्टी दाबली की डिस्प्लेवर त्या क्षणी कुठला व्हॉईस वाजतोय त्याचा नंबर दिसतो. ही सोय म्हणजे खरंच वरदान आहे, सिंथ स्वतःच सांगतो कुठे दुखतंय. शेजारशेजारच्या पट्ट्या एकेक करून दाबत गेलो. १ ठीक. २ वर हात काढला तरी सूर थांबेना. ३ ठीक. ४ वर जवळजवळ शांतता आणि खरखर. ५ आणि ६ ठीक. हे सगळं तीन वेळा केलं, एकदा सिंथ थंड असताना आणि दोनदा तापल्यावर, दर वेळी तेच.

आता प्रत्येक व्हॉईसच्या रस्त्यात दोन मुख्य चिपा येतात. एमसी५५३४ए वेव्ह तयार करते, ती एक चिप दोन व्हॉईस सांभाळते, म्हणून त्या एकूण तीन. आणि ८००१७ए, जिच्यात फिल्टर आणि व्हीसीए दोन्ही असतात, ती दर व्हॉईसला एक, म्हणून सहा. चौथ्या व्हॉईसमध्ये यातली नक्की कुठली गेली? सॉ, पल्स, सब सगळं बंद केलं आणि फिल्टरला स्वतःच्या सुरावर जोर द्यायला लावणारा रेझोनन्सचा स्लायडर पूर्ण वर नेला. ज्यूनोचा फिल्टर अशा वेळी स्वतःच शिट्टीसारखा गातो, त्याला वेव्हची गरजच नसते. पाच व्हॉईस गायले. चौथा नुसता खरखरला. म्हणजे दोष वेव्हच्या पुढे, ८००१७ए मध्ये. शिवाय तिसरा व्हॉईस त्याच एमसी५५३४ए वर चालतो आणि तो तर ठणठणीत होता.

दुसऱ्या व्हॉईसचं थोडं वेगळं. तिथे फिल्टर नीट गात होता, फक्त व्हीसीए पूर्ण मिटत नव्हता. असं नुसत्या ऑफसेटच्या ट्रिमरनंही (बोर्डावरच्या जुळवणीच्या छोट्या स्क्रूनंही) होऊ शकतं म्हणून आधी तो फिरवून बघितला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सूर कमी झाला पण मिटला नाही, आणि दहा मिनिटांनी पुन्हा होता तिथे आला. म्हणजे इथेही ८००१७ए च.

या चिपा अशा का जातात तेही सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरले. ८००१७ए म्हणजे खरं तर एक चिप नाहीच, तो एक इवलासा बोर्ड आहे, त्यावर अगदी सूक्ष्म पार्ट बसवलेत आणि वरून काळा लेप दिलाय. चाळीसेक वर्षांत हा लेप ओल धरतो आणि किंचित वीज वाहू देतो. फिल्टर आणि व्हीसीए अतिशय छोट्या करंटवर चालतात, त्यामुळे लेपातून होणारी जराशी गळतीसुद्धा त्यांना पुरते. कुठे व्हीसीए मिटत नाही, कुठे फिल्टर भलतीकडे जातो, कुठे नुसती खरखर. हा वयाचा परिणाम आहे, आणि सहाही चिपा एकाच वयाच्या आहेत. हे शेवटचं वाक्य मला तेव्हाही माहीत होतं. पण मी त्याला द्यायला हवं तेवढं वजन दिलं नाही, ते पुढे येईलच.

पर्याय

ताईंना बोलावून टेबलावर सगळं मांडलं. साधारण चार रस्ते होते.

पहिला, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरवर उरकायचं आणि सिंथची दुरुस्ती नंतर निवांत करायची. ज्यूनोच्या चांगल्या सॉफ्टवेअर नकला आहेत, मी स्वतः वापरतो. ताई म्हणाल्या, "आधीचा भाग याच्यावर केलाय, दोन्ही शेजारी लावले की मला फरक ऐकू येणार." यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, कान त्यांचे आणि काम त्यांचं. तरीही शेवटचा आधार म्हणून हा रस्ता उघडा ठेवला.

दुसरा, बिघडलेल्या दोन चिपा काढून ॲसिटोनमध्ये ठेवायच्या, लेप उतरवायचा आणि त्याच परत लावायच्या. मूळ पार्ट टिकतात, मूळ आवाज टिकतो. पण खात्री नाही. बिघाड लेपाच्या गळतीमुळे असेल तर चिप जिवंत होते, आतला एखादा जोड तुटला असेल तर ॲसिटोन काही करू शकत नाही.

तिसरा, दोन नव्या चिपा लावायच्या. ८००१७ए च्या जागी बसणाऱ्या नव्या चिपा आज बनतात आणि चांगल्या बनतात. पण मागवून यायला वेळ, आणि रेकॉर्डिंग तर तीन आठवड्यांवर.

चौथा, सहाच्या सहा बदलायच्या.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मूळ चिप वाचवायची असेल तर ती अख्खी डिसोल्डर करावी, म्हणजे सोल्डर वितळवून सोडवावी लागते, सगळे पाय एकदम मोकळे व्हायला हवेत, त्यात बोर्डाला जास्त वेळ उष्णता लागते. चिप टाकूनच द्यायची असेल तर सरळ पाय कापायचे आणि एकेक पाय अलगद काढायचा, बोर्डाला जवळजवळ काहीच त्रास नाही. म्हणजे चिप वाचवायची की बोर्ड वाचवायचा असा खरा प्रश्न असतो, आणि तो सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायच्या आधी सुटायला हवा. ताईंना मूळ चिपा फेकायच्या नव्हत्या. मलाही जीवावर आलं असतं.

ठरलं ते असं : दोनच चिपा काढायच्या, ॲसिटोन करून बघायचं, बरोबरीनं दोन नव्या मागवून ठेवायच्या, आणि काढलेल्या जागी सॉकेट बसवायचे म्हणजे पुन्हा कधी डिसोल्डर करायला नको. बाकी चार चालतायत तर त्यांना हात लावायचा नाही. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, मलाही वाटलं होतं.

काय केलं

आत हात घालायच्या आधी पॅच वाचवले. ज्यूनो-१०६ मध्ये १२८ पॅच बसतात, ते आतल्या बॅटरीच्या जोरावर टिकतात, आणि मागच्या बाजूला टेपवर सेव्ह करायची सोय आहे. कॅसेट रेकॉर्डर शोधायची गरज नाही, तीच वायर कॉम्प्युटरच्या ऑडिओ इंटरफेसला लावली आणि येणारा तो कर्कश किलबिलाट साध्या वेव्ह फाईलमध्ये रेकॉर्ड केला. एमपी३ करू नका, कॉम्प्रेशननं डेटा बिघडू शकतो. दोनदा रेकॉर्ड केला, आणि एवढ्यावर न थांबता ताईंच्या त्या पॅचच्या पॅनेलचा फोटो काढला, सगळे स्लायडर पॅचच्या आवाजाशी जुळवून, प्रत्येकाची जागा स्पष्ट दिसेल असा. या सिंथची हीच तर गंमत आहे, मेनू नाही, लपलेलं काही नाही, आवाज म्हणजे समोर दिसणाऱ्या स्लायडरांच्या जागा.

मग डिसोल्डरिंग. दुसऱ्या व्हॉईसची चिप नीट निघाली. प्रत्येक जोडाला आधी थोडं ताजं सोल्डर दिलं, कारण जुनं सोल्डर एकटं नीट वितळत नाही, नव्यात मिसळलं की सहज वाहतं, मग पंपानं ओढून घेतलं, उरलेलं विकनं (सोल्डर शोषून घेणाऱ्या तांब्याच्या वेणीनं) टिपलं, पाय हलके हलवून मोकळे झाल्याची खात्री केली आणि चिप अलगद वर आली. पाऊण तास लागला. चौथ्याच्या वेळी संध्याकाळ झाली होती. शेवटचा एक पाय अजून धरून होता, मला वाटलं सुटलाय, मी चिप ओढली आणि पायाबरोबर बोर्डावरचं तांब्याचं पॅड उठलं. त्या जागी तांब्याची गोल चकती नव्हतीच. नुसता तपकिरी बोर्ड दिसत होता. तिथेच काम थांबवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मल्टिमीटरनं ट्रॅक कुठे जातो ते शोधलं आणि पातळ वायरचा जंपर टाकला. तो आजही व्यवस्थित चालतोय, पण ही चूक पूर्णपणे माझी आणि ती टळण्यासारखी होती.

दोन्ही चिपा झाकणाच्या काचेच्या बरणीत, वर ॲसिटोन. हे करताना खिडकी उघडी, हातमोजे, आणि आसपास आयर्न किंवा ठिणगी उडेल असं काहीही नको, ॲसिटोन चटकन पेट घेतं. पहिल्या दिवशी काही विशेष नाही. दुसऱ्या दिवशी लेपाच्या कडा सुटायला लागल्या. तिसऱ्या दिवशी लेप मऊ रबरासारखा झाला आणि लाकडी टूथपिकनं सोलून निघाला, मोठाले तुकडे आपोआप, पण पार्टांच्या मधल्या फटीतला अगदी हळू, कारण खालचे पार्ट इतके छोटे की जरा जोर पडला तर लेपाबरोबर तेही येतील. धातूचं टोक इथे वापरू नका. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन एक रात्र सुकवल्या.

दुसऱ्या व्हॉईसची चिप सॉकेटमध्ये बसवली, टेस्ट मोड लावला, पट्टी दाबली, सोडली. शांतता. पूर्ण शांतता. अर्धा तास तापू दिलं, तरी शांत. फार समाधान वाटलं.

चौथी मात्र उठली नाही. खरखर गेली, पण सूरही नाही. आत काहीतरी तुटलं होतं, आणि ते आधीचंच की माझ्या ओढण्यानं झालं हे मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही.

रेकॉर्डिंगच्या आधीचा निर्णय

नव्या चिपा वेळेत पोहोचल्या नाहीत. रेकॉर्डिंग चार दिवसांवर, सिंथमध्ये पाच व्हॉईस धड आणि चौथ्या जागेचं सॉकेट रिकामं.

ज्यूनोमध्ये एखादा व्हॉईस बंद करायची सोय नाही. पण पट्ट्यांना व्हॉईस कसे वाटायचे याचे वेगवेगळे मोड आहेत. पॉली १ मध्ये तो पट्ट्यांना व्हॉईस फिरत्या क्रमानं देतो, म्हणजे रिकामा व्हॉईस फिरून फिरून येणारच. पण पॉली २ मध्ये तो दर वेळी पहिल्या मोकळ्या व्हॉईसपासून सुरुवात करतो, एक सूर धरला तर पहिला, दोन धरले तर पहिला आणि दुसरा. मग विचार आला की भोक चौथ्या जागी आहे तेच सहाव्या जागी नेलं तर? पाचपर्यंत सूर धरले तर सहाव्याची पाळीच येणार नाही.

त्यासाठी सहाव्या जागेवरची चांगली चिप काढून चौथ्या सॉकेटमध्ये लावावी लागणार होती, म्हणजे आणखी एकदा डिसोल्डर, रेकॉर्डिंगच्या तोंडावर, आणि एक पॅड माझ्या हातून आधीच उठलेलं. मी ताईंना धोका स्पष्ट सांगितला, की चालणारी चिपसुद्धा यात जाऊ शकते. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "तुझा हात आज स्थिर आहे का?" मी म्हणालो, आज नको, उद्या सकाळी करतो. दुसऱ्या दिवशी दोन तास घेतले, प्रत्येक पाय सुटलाय हे हलवून बघितल्याशिवाय चिपेला हात लावला नाही. निघाली, चौथ्यात बसली, वाजली.

एक अडचण मात्र राहिली. पॉली २ मध्ये तेच तेच व्हॉईस पुन्हा वापरले जातात, त्यामुळे पुढचा कॉर्ड दाबला की आधीच्या कॉर्डची लांब रिलीज कापली जाते, आणि ताईंच्या त्या पॅचचा सगळा जीव त्या रिलीजमध्ये. त्यांनी यावर उपाय काढला तो मला सुचला नसता. कॉर्ड एकाआड एक दोन ट्रॅकवर रेकॉर्ड केले, म्हणजे प्रत्येक कॉर्डची शेपूट पूर्ण मिळाली, आणि मिक्समध्ये दोन्ही ट्रॅक एकावर एक ठेवले. उलट धडधाकट ज्यूनोवर सहा व्हॉईसमध्ये जी शेपूट कापली गेली असती तीही वाचली. रेकॉर्डिंग ठरल्या दिवशी झालं.

त्यानंतर

नव्या चिपा पुढच्या आठवड्यात आल्या. एक सहाव्या जागी बसवली आणि मग ट्यूनिंग. नवी चिप लावली की काम संपलं असं धरू नका. प्रत्येक व्हॉईसचा फिल्टर कुठे उघडतो, पट्ट्या वर जातील तसा तो किती सरकतो, व्हीसीएचा ऑफसेट, गेन, हे सगळं सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे एकेक ट्रिमर फिरवून जुळवावं लागतं. नाहीतर कॉर्डमधला एक सूर इतरांपेक्षा उजळ येतो आणि कानाला सतत टोचतो. सिंथ तासभर तापू दिला आणि मग बसलो. नवी चिप जुन्यांपेक्षा किंचित स्वच्छ वाटत होती, म्हणून सगळे व्हॉईस एकमेकांच्या शेजारी वाजवून कानानं जुळवले, शेवटी ताईंना पाठमोरं बसवलं आणि कुठला सूर नवा ते विचारलं. त्यांना ओळखता आला नाही. मलाही नाही.

दोन महिन्यांनी फोन. "पुन्हा खरखर." या वेळी पाचवा व्हॉईस.

आणि तेव्हा मला सहाही चिपांचं एकच वय आहे हे माहीत असून मी काय केलं होतं ते नीट समजलं. चालणाऱ्या चार चिपांना हात लावायचा नाही हा निर्णय मी काळजीपोटी घेतला होता, पण प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच होता की पुढचा बिघाड कधी व्हायचा ते सिंथ ठरवणार, आम्ही नाही. त्या साधारण तीन महिन्यांत सिंथ तीनदा उघडला, तीनदा बोर्ड तापवला. दर वेळी थोडी थोडी जोखीम. ताईंना मी हे सरळ सांगितलं आणि त्यांच्या संमतीनं या वेळी सहाच्या सहा नव्या बसवल्या, सगळ्या सॉकेटमध्ये. मूळ चिपा अँटिस्टॅटिक डबीत, प्रत्येकीवर व्हॉईसचा नंबर आणि तिचं काय झालं ते लिहून, ताईंकडे दिल्या. ॲसिटोननं जिवंत झालेली दुसऱ्या व्हॉईसची चिप आजही चांगली आहे, तिच्यावर तसं लिहिलंय.

आज पुन्हा केलं तर

तपास असाच करेन, यात काही बदलणार नाही. आधी पॉवर सप्लाय, मग टेस्ट मोड, मग रेझोनन्सची शिट्टी. या तीन गोष्टींना एक तास लागतो आणि त्यानं चुकीची चिप उपटायचं टळतं.

पॅच आधी वाचवायचे, तेही तसंच. फक्त त्याच बैठकीत बॅटरीही बदलून टाकेन, उघडलंच आहे तर. तेव्हा माझ्याकडून ते राहिलं आणि नंतर वेगळं करावं लागलं.

चिपांचा निर्णय मात्र वेगळा घेईन. ताईंसारखी मूळ पार्ट जपायची इच्छा असेल तर पहिल्याच दिवशी दोन गोष्टी वेगळ्या करेन : वाजवायला काय लावायचं आणि जपायला काय ठेवायचं. वाजवायला सहा नव्या. जपायला जुन्या, ॲसिटोन करून, निवांत, तारखेचं दडपण नसताना. आम्ही दोन्ही एकाच चिपेकडून मागत होतो, तेही तीन आठवड्यांत. जुन्या मालकाला मूळ आवाज पाहिजेच असेल तर सॉकेट असल्यावर जुन्या चिपा कधीही परत लावता येतात, म्हणून सॉकेट पहिल्या दिवशी सगळ्या सहा जागी.

रेकॉर्डिंगची तारीख ऐकल्या ऐकल्या नव्या चिपा मागवायला हव्या होत्या. मी त्या दोन दिवस उशिरा मागवल्या, आधी ॲसिटोनचं काय होतंय ते बघू म्हणून. ते दोन दिवस शेवटी फार महाग पडले, कारण त्यांच्यापायी एक चांगली चिप ऐन वेळी उपटावी लागली. ती वाचली, पण वाचेलच असं काही नव्हतं.

आणि संध्याकाळी दमलेल्या हातानं शेवटचा पाय सोडवायचा नाही. उठलेलं पॅड परत बसत नाही.

पॉली २ ची युक्ती मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे, चिपा बदलायची सोय नसेल तेव्हासुद्धा. कुठला व्हॉईस मेलाय ते टेस्ट मोडमध्ये बघा. तो पाचवा किंवा सहावा असेल आणि खरखरत नसून फक्त गप्प असेल, तर पॉली २ मध्ये चार-पाच सुरांचे कॉर्ड निर्धास्त वाजवता येतात. पहिला किंवा दुसरा मेला असेल तर याचा काही उपयोग नाही, आणि रेंगाळणाऱ्या व्हॉईसलाही नाही, कारण तो कुणी दाबला नाही तरी मागे वाजतच राहतो.

सिंथ आता ताईंच्या खोलीत आहे. परवा गेलो होतो तेव्हा चालूच होता. त्यांनी तो पॅच लावला, पॉली १ वर, सहा सुरांचा कॉर्ड धरला आणि दोन्ही हात काढून घेतले. शेपूट हळूहळू विरत गेली आणि शेवटी फक्त कोरसची ती अगदी हलकी फुसफुस उरली. त्यांनी बटण दाबून तीही बंद केली.